भोंगा थांबल्यावर

धाराशिव जिल्ह्यात वाफेचा मोठा दाब आला तो रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, अशी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढे ती पूर्वेकडे निजामाच्या मुलखात शिरली आणि येडशी, तडवळे, ढोकी या गावांवरून १९११ मध्ये लातूरला पोचली. लीड्सच्या किटसन कारखान्यात या रेल्वेसाठी खास इंजिने घडवली होती. रूळ हलके, म्हणून एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये अशी त्यांची रचना. आठ जोडचाकांवर वजन विभागलेली ही बुटकी इंजिने कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी ओढत असत.

त्यांच्या पोटातल्या बॉयलरविषयी मात्र कुणी फारसे लिहिलेले नाही. दख्खनच्या काळ्या खडकातून विहिरीत झिरपणारे पाणी क्षारांनी जड असते. ते उकळून वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि नळ्यांवर पांढरी खपली धरते. खपली उष्णता अडवते. मग आगीच्या बाजूचे लोखंड पाण्याने थंड होत नाही, तापते, मऊ पडते आणि आतल्या दाबाने फुगते. म्हणून वाफेच्या इंजिनाला ठरावीक फेऱ्यांनंतर शेडमध्ये उभे करावे लागे. आग विझवायची, बॉयलर निवू द्यायचा, झाकणे उघडून गाळ धुऊन काढायचा, जळपेटीला आधार देणारे दांडे हातोडीने वाजवून बघायचे. शाबूत दांडा खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द आवाज देतो. जळपेटीच्या छतात शिशाची डाट बसवलेली असे. पाणी छताच्या खाली गेले की शिसे वितळायचे, वाफ आगीवर पडायची आणि ड्रायव्हरला वेळेत इशारा मिळायचा. ही डाट वेळच्या वेळी बदलावी लागे, कारण तिच्यावर खपली जमली की ती हवी तेव्हा वितळेल याचा भरवसा उरत नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे कार्यशाळेचा वारसा याच कंपनीकडून आलेला आहे.

वापरात असलेल्या बॉयलरची तपासणी सक्तीची करावी, हे आपल्याकडे सरकारला सुचले ते माणसे मेल्यानंतर. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेक जण दगावले. दुसऱ्याच वर्षी बंगालने कायदा केला आणि कलकत्ता शहर व उपनगरांतल्या बॉयलरांची तपासणी सुरू झाली. मुंबई इलाख्यात गिरण्या वाढत होत्या, तिथेही कायदा आला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. होता होता सात वेगवेगळे कायदे आणि तेवढेच नियमसंच झाले. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात नापास व्हायचा. हा गोंधळ मिटवण्यासाठी समिती नेमली गेली, १९२१ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला.

या कायद्याची बांधणी आजही वाचण्यासारखी आहे. पाच गॅलनपेक्षा मोठे, दाबाखाली वाफ तयार करणारे बंद भांडे म्हणजे बॉयलर. त्याची नोंदणी झाल्याशिवाय आणि चालू प्रमाणपत्र असल्याशिवाय तो पेटवायचा नाही. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त बारा महिने. तपासणीच्या दिवशी बॉयलर रिकामा, थंड, स्वच्छ आणि उघडा ठेवणे ही मालकाची जबाबदारी. मुख्य निरीक्षकाच्या परवानगीशिवाय त्यात कोणताही बदल किंवा मोठी दुरुस्ती करायची नाही. अपघात झाला तर चोवीस तासांच्या आत लेखी कळवायचे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिले, त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक होती: नवा बॉयलर चांगला बनवणे हे अर्धेच काम आहे. धातू झिजतो, आणि तो किती झिजला हे दरवर्षी आत शिरून बघितल्याशिवाय कळत नाही.

उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९२३ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बार्शीची गिरणी एका राजवटीत, तिच्यापासून काही कोसांवरचे येडशी दुसऱ्या राजवटीत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. केंद्रीय बॉयलर मंडळाचे सविस्तर नियम १९५० मध्ये आले. १९५४ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि जिल्ह्यातल्या वाफेच्या भांड्यांची जबाबदारी मुंबईच्या बॉयलर खात्याकडे, आजच्या बाष्पके संचालनालयाकडे गेली.

ढोकीला वाफ दुसऱ्यांदा आली ती उसाबरोबर. इथला तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा जिल्ह्यातला सर्वांत जुना सहकारी साखर कारखाना. त्याच्याविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक अध्यक्षांविषयी, निवडणुकांविषयी, उसाच्या दराविषयी आणि कर्जाविषयी. मला वाटते, साखर कारखान्याचा खरा इतिहास बॉयलरच्या नोंदवहीत लिहिलेला असतो. त्या वहीत नोंदणी क्रमांक असतो, बांधणीचे वर्ष असते, पहिल्या तपासणीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत काय दिसले, कोणत्या नळ्या बदलल्या, किती दाबाला पाण्याची चाचणी घेतली, दाब कमी करायला सांगितला का, हे सगळे क्रमाने असते. बॉयलर विकला गेला तरी वही त्याच्याबरोबर जाते. मालक बदलतात, वही एकच राहते.

साखर कारखान्यात बॉयलर हाच केंद्रस्थानी असतो. उसाचा रस काढला की उरलेले चिपाड, म्हणजे बगॅस, त्याच्या भट्टीत जळते. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये जवळपास निम्मे पाणी असते, तरी ते जळते आणि कारखान्याला बाहेरचे इंधन लागत नाही. त्याच वाफेवर टर्बाइन फिरते, आणि टर्बाइनमधून निघालेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस तापतो, आटतो, पॅनमध्ये साखरेचे दाणे धरतात. जुन्या पिढीतल्या कारखान्यांचे बॉयलर साधारण २१ किलो दाबाचे असत, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २१ किलोचा रेटा. ऑगस्ट १९९८ मध्ये साखर उद्योगावरची परवाना पद्धत उठली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी कारखाने आले, कळंब तालुक्यात रांजणीचा नॅचरल शुगर त्यांपैकी एक. सहवीजनिर्मितीमुळे राज्यभर दाब ४५, ६७, ८७, पुढे ११० किलोपर्यंत चढत गेला.

दाबाने खरा धोका कसा होतो, तेही सांगायला हवे. २१ किलो दाबाखाली पाणी सुमारे २१५ अंशांपर्यंत तापलेले असूनही द्रवच असते. भांडे फाटले आणि दाब एकाएकी सुटला की त्यातले बरेचसे पाणी क्षणात वाफ होते, आणि मोकळ्या हवेत वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा घेते. जाड पोलादी ड्रम भिंती तोडून बाहेर जातो तो या प्रसरणामुळे. आगीमुळे नव्हे. याच कारणाने बॉयलरची दाबचाचणी हवेने किंवा वाफेने न घेता थंड पाण्याने भरून घेतात. पाणी फारसे दबत नाही, त्यात ऊर्जा अगदी थोडी साठते. चाचणीत चीर उघडी पडली तर पाण्याची धार सुटते, एवढेच.

गळीत हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमारास संपतो. शेवटचा ऊस मोळीतून सुटतो, भोंगा थांबतो, तोडणी कामगारांच्या गाड्या आपापल्या गावांकडे निघतात, हंगामी कामगार रिटेन्शन भत्त्यावर घरी जातात. फिटर, वेल्डर, बॉयलर अटेंडंट मागे राहतात. लोकांच्या लेखी कारखाना बंद झालेला असतो, आणि नेमके तेव्हाच त्याचे आयुष्य वाढवणारे काम सुरू होते. आधी भट्टीतली राख उपसायची. उसाबरोबर शेतातली माती येते, मातीत वाळू असते, आणि भट्टीतल्या वेगवान धुरात ही वाळू हंगामभर नळ्यांच्या वळणांवर घासत राहते. म्हणून वळणावरची जाडी आधी मोजायची. पूर्वी हातोडी आणि अनुभवी कान होते, आता ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे छोटे यंत्र आहे. नळीच्या बाहेरून मोजले तरी धातू किती उरला ते कळते.

मग ड्रमचे मॅनहोल उघडायचे. आत माणूस जेमतेम शिरतो. शिरण्याआधी वाफेचे, पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून त्यांना पोलादी पट्ट्या ठोकायच्या, आतली हवा खेळती करायची, बाहेर एक माणूस सतत उभा ठेवायचा आणि दिवा कमी व्होल्टेजचा न्यायचा. आत काय बघायचे हे निरीक्षक शिकून येतो: पाण्याच्या रेषेवर खड्डे पडलेत का, नळ्यांची तोंडे ड्रममध्ये जिथे फुगवून बसवली आहेत तिथे चिरा आहेत का, जोडाच्या कडेला केसासारखी रेघ दिसते का, खपलीचा रंग काय आहे. रंगावरून बरेच कळते. तांबूस म्हणजे पाण्यात प्राणवायू विरघळलेला होता, तो काढण्याचे यंत्र नीट चालले नाही. कोळशासारखा काळा, चिकट थर दिसला तर पाण्यातून साखर आली.

साखर हा या बॉयलरचा खास शत्रू. रस आटवताना निघालेली वाफ थंड होऊन जे गरम पाणी बनते, तेच बॉयलरला परत द्यायचे असते, कारण दुष्काळी भागात एवढे शुद्ध पाणी दुसरीकडून आणणार कुठून? पण आटवणीच्या भांड्यात एखादी नळी गळाली किंवा रस उसळला की साखर त्या पाण्यात मिसळते. बॉयलरच्या उष्णतेत साखर फुटून आम्ले बनतात, पाणी फेसाळते, धातू खाल्ला जातो. म्हणून पाळीपाळीला पाण्याचा नमुना घेऊन त्यात अल्फा नॅफ्थॉल आणि तीव्र गंधकाम्ल टाकतात. जांभळे वलय उमटले की धोका. ते पाणी तात्काळ गटारात सोडायचे आणि बॉयलरला दुसरे पाणी द्यायचे. रात्रपाळीतल्या केमिस्टने हे वलय दुर्लक्षित केले तर त्याची किंमत जूनमध्ये ड्रम उघडल्यावर कळते. म्हणून मी या पाळीपाळीच्या चाचणीला अध्यक्षांच्या भाषणांपेक्षा मोठे मानतो.

खराब नळ्या बदलून झाल्या, परवानाधारक वेल्डरने काम केले, त्याची कागदपत्रे जुळली की पाण्याची दाबचाचणी, चालू दाबाच्या सव्वा ते दीडपट. नंतर वाफेवर चाचणी, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उडतो आणि मोकळा होतो हे निरीक्षकासमोर दाखवायचे. मग प्रमाणपत्र. दसऱ्याच्या आसपास कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन होते. अध्यक्ष सपत्नीक पूजा करतात, नारळ फुटतो, भट्टीत पेटता बोळा टाकला जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या फोटोत न दिसणारे फिटर तोवर काम संपवून घरी गेलेले असतात.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि हा पैसा साखर तयार नसताना खर्च करावा लागतो. कारखाना आर्थिक अडचणीत आला की कात्री आधी इथे लागते. नळ्या बदलण्याऐवजी तोंडे डाटा मारून बंद होतात. एका हंगामात चार, पुढच्या हंगामात दहा. वाफ कमी, गाळप कमी, उत्पन्न कमी, आणि पुढच्या देखभालीला आणखी कमी. दुष्काळाची वर्षे आली तर ऊसच नसतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये मराठवाड्यात पाण्याचे जे हाल झाले, ते या जिल्ह्याने सोसले आहेत. कर्जात अडकलेले ढोकीचे तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी हे दोन सहकारी कारखाने वर्षानुवर्षे बंद राहिले.

बंद बॉयलर सुरक्षित असतो, असे लोकांना वाटते. उलट आहे. चालू बॉयलरला रोज माणूस बघतो, बंद बॉयलरला कुणीच नाही. आत उरलेल्या पाण्याच्या रेषेवर गंज खोल खड्डे पाडतो. बाहेरून नळ्यांना चिकटलेली राख पावसाळ्यातली ओल शोषते, तिच्याखाली आम्ल तयार होते आणि धातू पोखरला जातो. बॉयलर थोडे दिवस बंद ठेवायचा असेल तर तो पूर्ण पाण्याने भरून, त्या पाण्यात प्राणवायू शोषणारे औषध घालून ठेवतात. महिनोन्महिने ठेवायचा असेल तर पूर्ण वाळवून, आत कळीच्या चुन्याच्या परातींनी ओल शोषून घेत, झाकणे घट्ट लावून ठेवतात, आणि चुना वेळोवेळी बदलतात. जिथे पगारच थकलेले असतात तिथे चुना कोण बदलणार? दहा-बारा वर्षांच्या खंडानंतर तेरणा भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला, ही २०२२ च्या सुमाराची गोष्ट. जिल्हा बँकेची वसुली, निविदा, न्यायालयातली लढाई यांनी त्या काळातली वर्तमानपत्रे भरली. पण इतकी वर्षे थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायचा म्हणजे ड्रमपासून चिमणीपर्यंत प्रत्येक भागाची नव्याने खात्री करून घ्यावी लागते. कायद्यातही तेच आहे: मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर आग पेटवता येत नाही.

बॉयलरला निदान वही आहे. कारखान्यातल्या इतर भांड्यांना ती नाही. ८ डिसेंबर २०१७ रोजी शेजारच्या बीड जिल्ह्यात, परळीजवळच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात गरम रसाची टाकी फुटली. उकळता रस अंगावर येऊन कामगार भाजले, त्यांतले काही वाचले नाहीत. ती टाकी बॉयलर नव्हती. अशा भांड्यांसाठी देशात बॉयलर कायद्यासारखा एक सलग कायदा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ३१ दाबाखालच्या यंत्रांविषयी होते, आणि राज्याच्या कारखाने नियमांनुसार दाबपात्राची बाहेरून सहा महिन्यांनी, आतून बारा महिन्यांनी तपासणी सक्षम व्यक्तीकडून करून घ्यावी लागते. वायूच्या सिलिंडरांचे नियम वेगळे, मोठ्या वायूटाक्यांचे वेगळे, ते पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात. नियम आहेत, पण विखुरलेले आहेत.

या विखुरलेपणाची परीक्षा २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायू मिळेना. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्या भयंकर महिन्यात साखर कारखान्यांनी प्राणवायू तयार करावा, असे आवाहन झाले, आणि ते आधी प्रत्यक्षात आले कळंब तालुक्यातल्या चोराखळीत. अभिजित पाटील अध्यक्ष असलेल्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात बदल करून मे २०२१ मध्ये प्राणवायू तयार केला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले.

कल्पना साधी आणि हुशारीची. इथेनॉलमधले शेवटचे पाणी काढण्यासाठी उभी पोलादी भांडी असतात, त्यांत झिओलाइटचे दाणे भरलेले. इथेनॉलची वाफ दाण्यांतून गेली की पाण्याचे रेणू त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात. झिओलाइटचा दुसरा प्रकार भरला आणि दाबलेली हवा सोडली तर छिद्रांत नत्रवायू अडकतो, प्राणवायू पुढे जातो. दाब चढवायचा, प्राणवायू घ्यायचा, दाब सोडायचा, नत्र बाहेर. जोडीतली भांडी आळीपाळीने हे करतात आणि ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळतो.

पण भांड्यात पदार्थ बदलला की त्या भांड्याची जुनी तपासणी पुरी पडत नाही. इथेनॉलसाठी घडवलेल्या भांड्यात प्राणवायू भरायचा तर तेलाचा, ग्रीसचा, अल्कोहोलचा अंशही आत राहता कामा नये. दाबाखालच्या शुद्ध प्राणवायूत तेलाचा थेंब ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. शिवाय दर थोड्या वेळाने दाब चढतो-उतरतो, त्यामुळे सांध्यांवर थकव्याचा ताण येतो, जो सलग दाबावर चालणाऱ्या भांड्यावर येत नाही. गॅस्केट, व्हॉल्व्हमधली वंगणे, मीटर सगळे प्राणवायूला साजेसे हवे. पुढे हाच वायू दीडशे किलो दाबाला सिलिंडरात भरायचा, आणि त्या सिलिंडरची पाण्याची चाचणी पाच वर्षांत झालेली हवी. लोक खाटेसाठी धावत असताना हे सगळे जुळवून आणणारे अभियंते आणि फिटर यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मार्च २०२५ मध्ये संसदेने नवा बॉयलर कायदा मंजूर केला आणि १९२३ चा कायदा, एका शतकानंतर, रद्द झाला. २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाबरोबर मान्यताप्राप्त खासगी तपासणी संस्थांनाही वाव दिला होता, नव्या कायद्याने तो कायम ठेवला. सात गुन्ह्यांपैकी ज्यांत जीव किंवा मालमत्ता जाऊ शकते अशा चार गुन्ह्यांवरची फौजदारी शिक्षा राखली, बाकीच्यांना आर्थिक दंड. नोंदणी, वार्षिक प्रमाणपत्र, अपघाताची खबर ही जुनी चौकट तशीच आहे. कायद्याच्या केंद्रस्थानी अजूनही बॉयलरच आहे. परळीत फुटली तशी रसाची टाकी आणि चोराखळीत वापरली तशी झिओलाइटची भांडी यांना त्याने एका वहीत आणलेले नाही. त्यांची जबाबदारी पूर्वीप्रमाणे कारखाने नियमांकडे, सक्षम व्यक्तीच्या सहामाही फेरीकडे आणि त्या फेरीला खरोखर किती वेळ दिला जातो यावर राहिली.